पंचनाम्याआधी शेत नांगरू नका: लिनक्सवरच्या वेब सर्व्हरसाठी कोअर डम्प कसा सुरू करायचा

दिवाळीच्या आसपास मोंढ्यात सोयाबीनच्या गाड्यांची रांग लागते. सौदे निघायला लागले की गावोगावचे शेतकरी मोबाइलवर दर बघायला लागतात. लातूर भागातले दर दाखवणाऱ्या एका साइटचा सर्व्हर माझ्याकडे आहे. दोन हंगामांमागे नेमक्या त्याच वेळी ही साइट अडखळायला लागली. पान अर्धं उघडायचं आणि तुटायचं, परत उघडलं की ठीक. पानं पाठवणारा वेब सर्व्हर प्रोग्रॅम एन्जिनएक्स, त्याच्या एरर लॉगमध्ये एवढीच ओळ: वर्कर प्रोसेस एक्झिटेड ऑन सिग्नल ११. म्हणजे लोकांच्या विनंत्या हाताळणारी त्याची एक प्रोसेस, वर्कर, मध्येच मेली. मी सर्व्हर रीस्टार्ट करायचो, तासभर बरं चालायचं, मग पुन्हा तेच. असे तीन आठवडे गेले. रॅम बदलून पाहिली, कॅशे बंद करून पाहिला, पण सगळा अंदाजपंचे कारभार.

गारपिटीनं पीक आडवं झालं की जाणता शेतकरी लगेच शेत साफ करत नाही. तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक येऊन पंचनामा करेपर्यंत थांबतो. नांगर फिरला की नुकसान कशानं आणि किती झालं, याचा पुरावाच उरत नाही. मी तीन आठवडे रोज पंचनाम्याआधी नांगर फिरवत होतो. प्रोसेस मरताना तिच्या मेमरीत काय होतं हे कुठेच लिहून ठेवलं जात नव्हतं. ते लिहून ठेवण्याची सोय लिनक्समध्ये पहिल्यापासून आहे. तिला कोअर डम्प म्हणतात. पूर्वी संगणकाची मेमरी बारीक चुंबकी कड्यांची असायची, तिला कोअर म्हणत, त्यावरून हे नाव. अडचण एकच आहे: बहुतेक सर्व्हरवर ही सोय बंद असते किंवा अर्धवट चालू असते, आणि प्रोसेस मरून गेल्यावर ती चालू करून त्या वेळचा डम्प मिळत नाही.

पुढच्या आज्ञा मी फोनवर सांगतो तशा, उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. बीड, परभणी, हिंगोलीच्या पोरांना मी अशाच सांगतो आणि ते टर्मिनलवर नेहमीच्या स्पेलिंगनं टाइप करतात. तुम्हीही तसंच करा. सगळं रूट म्हणून किंवा सुडो लावून करायचं आहे.

आधी सिग्नल बघा

प्रत्येक मरणाचा डम्प निघत नाही, म्हणून पहिली नजर सिग्नलच्या, म्हणजे प्रोसेस कोणत्या इशाऱ्यानं थांबली त्याच्या, आकड्यावर टाकायची. ११ म्हणजे सेगमेंटेशन फॉल्ट, प्रोग्रॅमनं आपल्या हद्दीबाहेरच्या मेमरीला हात लावला. ६ म्हणजे अबॉर्ट, प्रोग्रॅमला किंवा लायब्ररीला गडबड कळली आणि तिनं स्वतःच थांबवलं. इंटेल-एएमडी मशीनवर ७ म्हणजे बस एरर. या तिन्हींत डम्प निघू शकतो.

सिग्नल ९ असेल तर इथेच थांबा. ९ला डम्प नसतोच. बहुतेक वेळा मेमरी संपल्यामुळे कर्नेलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, ओओएम किलरनं प्रोसेस मारलेली असते. कर्नेलचे संदेश दाखवणारी डीमेसेज आज्ञा चालवली की "आउट ऑफ मेमरी" अशी ओळ सापडेल. तिथे उपाय मेमरी वाढवणं किंवा वर्कर कमी करणं हा आहे. डम्पच्या मागे लागून दिवस घालवू नका.

सिग्नल ११ असेल तर त्याच डीमेसेजमध्ये आणखी एक मोलाची ओळ असते. माझ्याकडे ती अशी होती: एन्जिनएक्स, सेगफॉल्ट ॲट १८, मग काही पत्ते, आणि एरर ४. एरर ४ म्हणजे मेमरीत नसलेल्या जागेवरून वाचायचा प्रयत्न झाला. लिहायचा प्रयत्न असता तर ६ आला असता. १८ हा षोडशमान पद्धतीतला पत्ता आहे, आपल्या दशमानात २४. इतका लहान पत्ता दिसला की जवळजवळ नेहमी एकच अर्थ असतो: पॉइंटर, म्हणजे मेमरीतल्या जागेचा पत्ता ठेवणारी खूण, शून्य होता, आणि तोच धरून त्याच्यापासून २४ बाइट पुढचं काहीतरी वाचायला गेले. तीन आठवडे ही ओळ माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मी रॅम बदलत होतो.

सध्या काय चालू आहे ते तपासा

कुलूप दोन ठिकाणी असतं. एक प्रोसेसच्या मर्यादेचं, दुसरं कर्नेलच्या पत्त्याचं, म्हणजे डम्प कुठे टाकायचा याचं.

मर्यादा बघायला बरेच जण "युलिमिट -सी" चालवतात, "अनलिमिटेड" दिसलं की खूश होतात. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. ती मर्यादा तुमच्या शेलची, म्हणजे टर्मिनलवर आज्ञा घेणाऱ्या प्रोग्रॅमची असते. वेब सर्व्हर सिस्टिमडीनं, म्हणजे मशीनवरच्या सर्व्हिस सुरू-बंद करणाऱ्या प्रोग्रॅमनं सुरू केलेला असतो, त्याला तुमच्या शेलचं काही मिळत नाही. /ईटीसी/सिक्युरिटी/लिमिट्स.कॉन्फ या फाइलमध्ये लिहिलेलंही त्याला लागू होत नाही, ती फाइल लॉगिन करणाऱ्यांसाठी असते. म्हणून प्रत्यक्ष चालू असलेल्या वर्करलाच विचारा. "पीएस -ईएफ"च्या यादीतून "वर्कर प्रोसेस" लिहिलेला एक पीआयडी, म्हणजे प्रोसेसचा क्रमांक घ्या, समजा तो ४३२१ आहे, आणि चालवा:

कॅट /प्रोक/४३२१/लिमिट्स

यात "मॅक्स कोअर फाइल साइझ" ही ओळ बघा. पहिला आकडा सॉफ्ट मर्यादा, दुसरा हार्ड. पहिला ० असेल तर साध्या फाइलच्या पद्धतीत डम्प निघणार नाही.

दुसरं कुलूप:

कॅट /प्रोक/सिस/कर्नेल/कोअर_पॅटर्न

उत्तर नुसतं "कोअर" असेल तर डम्प प्रोसेसच्या चालू डिरेक्टरीत पडेल. सुरुवात स्लॅशनं असेल तर त्या पत्त्यावर पडेल. सुरुवातीलाच उभी रेघ, म्हणजे पाइपचं चिन्ह असेल, तर कर्नेल डम्प स्वतः लिहीत नाही, तो पुढच्या प्रोग्रॅमच्या हातात देतो. उबुंटूवर तिथे बहुधा ॲपोर्ट हा क्रॅशची नोंद घेणारा प्रोग्रॅम असतो. फेडोरा, आणि रेड हॅट, अल्मा, रॉकी यांच्या ८पासूनच्या आवृत्त्यांवर सिस्टिमडी-कोअरडंप असतो.

यातून दोन वाटा निघतात: साधी फाइल, किंवा सिस्टिमडी-कोअरडंप. नवीन सर्व्हर असेल तर मी दुसरी वाट घेतो. ती डिस्कची काळजी आपण होऊन घेते आणि परवानग्यांच्या कटकटी वाचतात. तरी पहिली वाट समजून घ्या. जुन्या मशीनवर तीच हाताशी असते, आणि दुसरी बिघडली तर का बिघडली हे तिच्यावरूनच कळतं.

पहिली वाट: साधी फाइल

डम्पसाठी वेगळी जागा करा. /टीएमपी वापरू नका. सिस्टिमडीच्या सर्व्हिस फाइलमध्ये अनेकदा प्रायव्हेट-टीएमपी चालू असतं, मग सर्व्हरला दिसणारं /टीएमपी आणि तुम्हाला दिसणारं /टीएमपी वेगळं असतं. डम्प निघतो, पण एका लांबलचक नावाच्या सिस्टिमडी-प्रायव्हेट डिरेक्टरीत जाऊन बसतो, आणि सर्व्हिस थांबली की तीही साफ होते.

एमकेडीर /व्हार/कोअर्स
सीएचओन डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा /व्हार/कोअर्स
सीएचमॉड ७०० /व्हार/कोअर्स

डेबियन-उबुंटूवर वर्करचा वापरकर्ता डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा असतो. रेड हॅटच्या घराण्यात एन्जिनएक्ससाठी तो "एन्जिनएक्स" आणि अपाची या दुसऱ्या वेब सर्व्हरसाठी "अपाची" असतो. ही पायरी चुकवू नका, कारण फाइल कर्नेल लिहीत असला तरी परवानगी मरणाऱ्या प्रोसेसचीच तपासली जाते. रेड हॅट घराण्यात एसई-लिनक्स, म्हणजे परवानग्यांवरचा जादा पहारा चालू असेल तर सीएचओन करूनही लिहायला मनाई होऊ शकते. ऑडिट लॉगमध्ये "डिनाइड" दिसलं तर त्या डिरेक्टरीला योग्य लेबल द्या किंवा सरळ दुसऱ्या वाटेनं जा. एसई-लिनक्स बंद करून टाकू नका.

आता पत्ता. /ईटीसी/सिसकंट्रोल.डी मध्ये ६०-कोअर.कॉन्फ नावाची फाइल करून (इथे "सिसकंट्रोल" म्हणजे टर्मिनलवर "सिस"ला जोडून "सीटीएल") त्यात एक ओळ लिहा:

कर्नेल.कोअर_पॅटर्न = /व्हार/कोअर्स/कोअर.%ई.%पी.%टी

%ई म्हणजे प्रोग्रॅमचं नाव, %पी म्हणजे पीआयडी, %टी म्हणजे वेळ, १ जानेवारी १९७०पासूनच्या सेकंदांत. पीआयडी आणि वेळ नावात ठेवाच, नाहीतर नवा डम्प जुन्यावर लिहिला जाईल. मग सिसकंट्रोल आज्ञा "--सिस्टिम" लावून चालवा. उबुंटूवर ॲपोर्ट चालू असेल तर ती सर्व्हिस आधी "डिसेबल --नाऊ" करा. ती सुरू होताना हा पत्ता स्वतःच्या नावावर करून घेते, आणि मशीन रीबूट झाल्यावर तुमची ओळ गेलेली दिसते.

एन्जिनएक्सची मर्यादा त्याच्याच कॉन्फिगरेशनमध्ये ठरवता येते. एन्जिनएक्स.कॉन्फमध्ये सगळ्यात वर, एचटीटीपी ब्लॉकच्या बाहेर:

वर्कर_आरलिमिट_कोअर ५००एम;
वर्किंग_डिरेक्टरी /व्हार/कोअर्स;

पत्ता स्लॅशनं सुरू होणारा दिलेला असेल तर दुसरी ओळ नसली तरी चालतं, मी सवयीनं लिहितो. "एन्जिनएक्स -टी"नं तपासा आणि रीलोड करा. रूट असतानाच वर्कर ही मर्यादा लावून घेतो, म्हणून रीलोड पुरतो, साइट बंद करावी लागत नाही. ५००एम हा आकडा डोळे झाकून घेऊ नका. डम्पमध्ये शेअर्ड मेमरीही येते, त्यामुळे कॅशेचे मोठे झोन असतील तर डम्प त्याहून मोठा होतो, मर्यादेपाशी कापला जातो, आणि कापलेला डम्प वाचताना अर्ध्यावर अडतो.

अपाचीमध्ये अशी मर्यादेची ओळ नाही. तिथे सिस्टिमडीला सांगावं लागतं. "सिस्टिमसीटीएल एडिट अपाची२" (रेड हॅट घराण्यात एचटीटीपीडी) चालवून उघडलेल्या जागेत:

[सर्व्हिस]
लिमिटकोअर=इन्फिनिटी

आणि अपाचीच्या कॉन्फिगरेशनमध्ये:

कोअरडंपडिरेक्टरी /व्हार/कोअर्स

कर्नेलला पत्ता दिलेला असला तरी ही ओळ लिहाच. रूट सोडून साधा वापरकर्ता झालेल्या प्रोसेसचा डम्प कर्नेल मुळात काढत नाही. ही ओळ दिसली की अपाची कर्नेलला "माझा डम्प चालेल" असं कळवतो. एन्जिनएक्स हे न विचारता करतो. अपाचीला मात्र पूर्ण रीस्टार्ट लागतो, नुसत्या रीलोडनं सिस्टिमडीची नवी मर्यादा लागत नाही. मोंढा उघडायच्या आत, पहाटे उरका.

मागे पीएचपीची पानं चालवणारा पीएचपी-एफपीएम असेल आणि तोच मरत असेल तर त्याच्या पूलच्या फाइलमध्ये "आरलिमिट_कोअर = अनलिमिटेड" आणि "प्रोसेस.डंपेबल = येस" लागतं. बाकी सगळं तेच.

दुसरी वाट: सिस्टिमडी-कोअरडंप

डेबियन-उबुंटूवर "एपीटी इन्स्टॉल सिस्टिमडी-कोअरडंप". इतर ठिकाणी बहुधा आधीच असतो. डम्प /व्हार/लिब/सिस्टिमडी/कोअरडंप मध्ये दाबून, म्हणजे कॉम्प्रेस करून ठेवले जातात आणि जुने काही दिवसांनी आपोआप साफ होतात. लिहिणारा प्रोग्रॅम रूटचा असतो, म्हणून डिरेक्टरी आणि सीएचओनचा सगळा खटाटोप टळतो.

मर्यादा मात्र इथेही बघावी लागते. वर्करची सॉफ्ट मर्यादा ० असेल तर जर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमडीच्या लॉगमध्ये मरणाची नोंद होते, पण डम्प ठेवला जात नाही. यादीत फाइलच्या रकान्यात "नन" दिसतं आणि माणूस चक्रावतो. म्हणून एन्जिनएक्सची किंवा अपाचीची वर सांगितलेली मर्यादेची ओळ या वाटेवरही लिहायचीच. /ईटीसी/सिस्टिमडी/कोअरडंप.कॉन्फ मध्ये "मॅक्सयूज" हा एकूण जागेचा आकडा आपल्या डिस्कप्रमाणे घाला. एखाद्या रात्री वर्कर दर सेकंदाला मरायला लागला तर ही एकच ओळ डिस्क वाचवते. साध्या फाइलच्या वाटेवर असा रखवालदार नसतो, म्हणून तिथे शक्य तर /व्हार/कोअर्ससाठी वेगळं पार्टिशनच ठेवा.

मुद्दाम मारून बघा

हे केल्याशिवाय काम झालं असं समजू नका. वर्दळ नसताना एका वर्करचा पीआयडी घ्या. मास्टरचा, म्हणजे वर्करना सांभाळणाऱ्या मुख्य प्रोसेसचा नाही, नीट वाचून घ्या. मग:

किल -११ ४३२१

मास्टर लगेच नवा वर्कर उभा करतो. त्या क्षणी त्या वर्करवर जे जोडलेले असतील तेवढ्यांचं कनेक्शन तुटतं.

आता एरर लॉग बघा. उदगीरच्या एका पोराला मी हे फोनवर सांगत होतो. तो म्हणाला, "सर, सिग्नल अकरा आलाय, पण पुढं कंसात काहीच नाही." सगळी खूण त्या कंसातच आहे. एन्जिनएक्सच्या ओळीच्या शेवटी कंसात "कोअर डम्प्ड" असं आलं तरच डम्प निघाला. अपाचीत "पॉसिबल कोअरडंप इन" आणि पुढे डिरेक्टरी येते, पण तो शक्यताच सांगतो, म्हणून एलएस करून फाइल डोळ्यांनी बघा. त्या पोराच्या मशीनवर /व्हार/कोअर्सचा मालक रूटच राहिला होता. सीएचओन केलं, पुन्हा किल केलं. "आलं सर, कोअर डम्प्ड!"

दुसऱ्या वाटेवर "कोअरडंपसीटीएल लिस्ट" चालवा आणि शेवटच्या ओळीत "प्रेझेंट" दिसतं का ते बघा.

सर्व्हर डॉकरमध्ये, म्हणजे मशीनच्या आत वेगळ्या केलेल्या कंटेनरमध्ये असेल तर एक लक्षात ठेवा: कोअर_पॅटर्न हा संपूर्ण मशीनचा असतो, कंटेनरचा वेगळा नसतो. तो मशीनवर बदलायचा, कंटेनर सुरू करताना "--युलिमिट कोअर=-१" द्यायचं, आणि साध्या फाइलची वाट असेल तर तो पत्ता कंटेनरच्या आत असला पाहिजे आणि ती डिरेक्टरी मशीनवरून आत जोडलेली हवी. नाहीतर कंटेनर काढून टाकला की डम्पही गेला.

डम्प वाचणं

जीडीबी, म्हणजे डम्प उघडून वाचणारा डीबगर बसवा. पहिल्या वाटेवर प्रोग्रॅम आणि डम्प दोन्ही द्यायचे:

जीडीबी /यूएसआर/एसबिन/एन्जिनएक्स /व्हार/कोअर्स/कोअर.एन्जिनएक्स.४३२१.(वेळेचा आकडा)

दुसऱ्या वाटेवर "कोअरडंपसीटीएल डीबग ४३२१" पुरतं. प्रोग्रॅम तोच हवा जो मेला. मधल्या काळात अपडेट होऊन एन्जिनएक्सची आवृत्ती बदलली असेल तर जीडीबी भलतीच नावं दाखवेल. म्हणून मरणाचं कारण शोधायचं चालू असताना ते पॅकेज अपडेट करू नका.

आत गेल्यावर पहिली आज्ञा "बीटी", म्हणजे बॅकट्रेस. कोणी कोणाला बोलावलं त्याची उतरंड दिसते, सगळ्यात वरचा, ० क्रमांकाचा, म्हणजे ज्याच्या हातात जीव गेला तो. नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं दिसली तर डीबग सिम्बॉल, म्हणजे पत्त्यांना फंक्शनची नावं जोडणारी माहिती नाही. डेबियनमध्ये त्यांची -डीबीजीसिम अशी वेगळी पॅकेजं असतात, फेडोरात "डीएनएफ डीबगइन्फो-इन्स्टॉल" असतं. ते बसवून तोच डम्प पुन्हा उघडा, नव्यानं मरायची वाट बघायची गरज नाही.

माझ्या डम्पमध्ये ० क्रमांकावर एन्जिनएक्सचं स्वतःचं फंक्शन नव्हतं. बाहेरून घेऊन जोडलेल्या एका मॉड्यूलचं होतं. "फ्रेम ०" करून मी विचारलं:

प्रिंट आर->हेडर्स_इन.युझर_एजंट

उत्तर शून्य. ब्राउझर आपलं नाव ज्या हेडरमध्ये पाठवतो तो या विनंतीत आलाच नव्हता, आणि मॉड्यूल तो आहे असं धरून त्याची लांबी वाचायला गेलं होतं. एन्जिनएक्सच्या त्या रचनेत हेडरमधल्या मजकुराची लांबी सुरुवातीपासून २४ बाइटवर असते. डीमेसेजमधला तो १८ इथून आला होता.

मग विनंती कोणाची? "प्रिंट आर->रिक्वेस्ट_लाइन" केलं की लांबी आणि मजकूर दोन्ही दिसतात. एन्जिनएक्सचा मजकूर शेवटी शून्य लावून संपत नाही, म्हणून जेवढी लांबी लिहिली आहे तेवढीच अक्षरं मोजून घ्या, पुढचा मजकूर शेजारच्या दुसऱ्या कशाचा तरी असतो. निघालं ते असं: एका आडत दुकानाच्या हिशेबाच्या प्रोग्रॅमनं सौद्याच्या वेळेत दर मिनिटाला दर ओढायला सुरुवात केली होती, आणि तो प्रोग्रॅम ते हेडर पाठवत नव्हता. त्या प्रोग्रॅमची चूक नाही, हेडर न पाठवणं चालतं. मॉड्यूलमध्ये एक तपासणी घातली, दोन ओळींची, आणि मोंढ्याच्या वेळेतलं अडखळणं थांबलं.

बॅकट्रेस दुसऱ्याला पाठवायचा असेल तर "बीटी फुल" घ्या, प्रोग्रॅम थ्रेड वापरत असेल तर "थ्रेड अप्लाय ऑल बीटी". मजकूर पाठवा, डम्प पाठवू नका.

याचं कारण गंभीर आहे. डम्प म्हणजे त्या क्षणीची सगळी मेमरी. त्यात साइटच्या सर्टिफिकेटची खाजगी किल्ली असते, लॉगिन केलेल्यांच्या कुकी असतात, फॉर्ममध्ये नुकताच कोणी भरलेला आधार क्रमांक, बँकेचा खाते क्रमांक, पासवर्ड असू शकतो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आहे, पण कायदा नसता तरी शेतकऱ्याच्या खात्याचा आकडा आपल्या निष्काळजीपणामुळे बाहेर जाता कामा नये. डिरेक्टरी ७००च ठेवा, वेब सर्व्हरच्या डॉक्युमेंट रूटच्या आत तर कधीच नको. रोजच्या बॅकअपमधून ती वगळा. डम्प दुसऱ्या मशीनवर न्यायचाच असेल तर एन्क्रिप्ट करून न्या, आणि कारण सापडलं की दोन्हीकडचा पुसून टाका. तो चुकून बाहेर गेल्याची शंका जरी आली तरी सर्टिफिकेट नवीन किल्लीनं बदलून घ्या.

त्या हंगामापासून नवा सर्व्हर ताब्यात आला की मी त्याच दिवशी एक वर्कर मुद्दाम मारतो, लॉगमधला कंस बघतो, बॅकट्रेसमध्ये नावं नीट दिसतात का ते तपासतो, आणि तो पहिला डम्प पुसूनच साइट लोकांसाठी उघडतो.